मेंदूतील जंत : रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही

फिट आलेल्या रुग्णाचा स्कॅन काढला की पुष्कळदा ‘मेंदूत जंताची गाठ आहे’ असे निदान कानी पडते. घर हादरून जाते. स्कॅनचा खर्च, औषधांचा खर्च, आणि रुग्ण लग्नाची मुलगी असेल तर गावात होणारी कुजबुज. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, ‘एकदा रक्त तपासून खात्री करून घ्या.’ रक्त तपासले जाते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घाबरगुंडी उडते, निगेटिव्ह आला तर ‘म्हणजे काही नाहीच’ असे समजून गोळ्या बंद होतात. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. म्हणून या तपासणीचा अर्थ आज नीट समजावून घेऊ.

जंत मेंदूत जातो कसा?

डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येणारा एक लांबलचक, चपटा जंत असतो. त्याला पट्टकृमी किंवा टेपवर्म म्हणतात. शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. आतड्यात तो दोन ते चार मीटर, कधी त्याहूनही लांब वाढतो. त्याच्या शरीराचे छोटे छोटे तुकडे असतात आणि शेपटाकडच्या पिकलेल्या एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. ही अंडी रुग्णाच्या शौचावाटे बाहेर पडतात.

येथून पुढे दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली वाट अशी : उघड्यावरची विष्ठा डुक्कर खाते, अंडी त्याच्या पोटात जातात, त्यातून निघालेल्या अळ्या रक्तातून त्याच्या मांसात जाऊन पाण्याच्या बारीक फुग्यांसारख्या बसतात. ते मांस नीट न शिजवता खाल्ले की माणसाच्या आतड्यात जंत वाढतो. दुसरी वाट अशी : तीच अंडी अस्वच्छ हातांवरून, न धुतलेल्या भाजीवरून किंवा दूषित पाण्यातून माणसाच्या पोटात जातात. मग डुकराच्या शरीरात जे घडते तेच माणसाच्या शरीरात घडते. अळ्या आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतात आणि स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत जाऊन बसतात. मेंदूतल्या या रोगाला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

‘डॉक्टर, आम्ही माळकरी. घरात अंडेसुद्धा येत नाही. मग हा डुकराचा जंत आमच्या मुलाला कसा?’ असा प्रश्न फार वेळा येतो. उत्तर दुसऱ्या वाटेत आहे. मेंदूतला रोग मांस खाऊन होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी शौचातील अंडी पोटात गेल्याने होतो. शाकाहारी माणसाला त्यापासून सूट नाही.

एक गैरसमज येथेच दूर करतो. कोबी-फ्लॉवरमध्ये दिसणारी हिरवी अळी मेंदूत जाते, असे चित्रांसह संदेश मोबाइलवर फिरत असतात. ती अळी पतंगाची असते. तिचा या रोगाशी काहीही संबंध नाही. धोका आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा. ती कोबीवर असू शकतात, तशी कोथिंबिरीवर, गाजरावर आणि न धुतलेल्या हातांवरही असू शकतात.

रक्तात नेमके काय शोधतात?

मलेरियात रक्ताच्या थेंबात जंतू प्रत्यक्ष दिसतो. येथे तसे नसते. अळी मेंदूत बसलेली असते, रक्तात ती सापडत नाही. मग रक्तात शोधायचे काय? तर तिच्या विरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज.

शेतात चोर शिरल्यावर राखणदार धावून येतो. चोर दिसला नाही तरी राखणदाराच्या धावपळीवरून चोराचा अंदाज करता येतो. परंतु राखणदार कधी भटक्या कुत्र्यालाही चोर समजून ओरडतो, कधी चोर निघून गेल्यावरही बराच वेळ ओरडत राहतो, आणि चोर गुपचूप कोपऱ्यात बसून राहिला तर राखणदाराला जागही येत नाही. रक्ताच्या तपासणीत या तिन्ही गोष्टी घडतात. पुढचा सगळा लेख या तीन गोष्टींचाच आहे.

एलायझा : सोपी, पण भरवशाची नाही

बहुतेक प्रयोगशाळांत जी तपासणी होते तिला एलायझा म्हणतात. रिपोर्टवर ‘सिस्टिसर्कस आय. जी. जी.’ असे लिहिलेले असते आणि समोर एक आकडा असतो. जंताच्या अळीचा अर्क प्लास्टिकच्या लहान खळग्यांत चिकटवलेला असतो. त्यात रुग्णाच्या रक्तातील पाणी, म्हणजे सिरम, घालतात. प्रतिपिंडे असतील तर ती अर्काला चिकटतात आणि पुढच्या रसायनाने रंग येतो. रंग जितका गडद तितका आकडा मोठा.

अडचण अर्कात आहे. पूर्ण अळी कुटून काढलेल्या अर्कात शेकडो प्रकारची प्रथिने असतात आणि त्यांतील अनेक प्रथिने दुसऱ्या जंतांतही असतात. त्यामुळे यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ करणारा हायडॅटिडचा जंत, किंवा लहान मुलांच्या आतड्यात राहणारा बुटका पट्टकृमी असला तरी एलायझात रंग येऊ शकतो. राखणदार कुत्र्यावर ओरडतो तो असा. उलट, रोग असूनही रंग न येणे हेही पुष्कळ घडते. अशा कच्च्या अर्कावर केलेली एलायझा या रोगाच्या निदानासाठी वापरू नये, असे अमेरिकेतील संसर्गरोग तज्ज्ञांच्या आणि उष्ण प्रदेशातील रोगांच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

मसुरीची मदत

यापेक्षा चांगली तपासणी १९८९ मध्ये आली. अमेरिकेतील अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रात व्हिक्टर त्सांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण डॉक्टर तिला ई. आय. टी. बी. म्हणतात. वेस्टर्न ब्लॉट या नावानेही ती ओळखली जाते.

तिची युक्ती ऐकण्यासारखी आहे. आपल्या स्वयंपाकघरातील मसुरीत लेक्टिन नावाचे एक प्रथिन असते. साखरेचे विशिष्ट कण लागलेली प्रथिने त्याला चिकटतात. अळीचा अर्क या मसुरीच्या लेक्टिनमधून गाळला की नको असलेली गर्दी वाहून जाते आणि उपयोगाची ग्लायकोप्रथिने मागे राहतात. ही प्रथिने विजेच्या प्रवाहाने त्यांच्या आकारमानानुसार वेगळी करतात आणि कागदासारख्या एका पातळ पट्टीवर उतरवतात. त्या पट्टीवर रुग्णाचे सिरम टाकले की ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतील तेथे एक रेघ उमटते. अशा सात रेघा पाहतात. त्यांतील एक जरी उमटली तरी तपासणी पॉझिटिव्ह धरतात.

पहिल्या अहवालात या तपासणीने ९८ टक्के रुग्ण बरोबर ओळखले आणि दुसरे रोग असलेल्या एकालाही चुकून या रोगाचा म्हटले नाही. शिवाय साध्या रक्तावर ती इतकी चांगली चालते, की केवळ या तपासणीसाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची सहसा गरज राहात नाही. मेंदूत सूज असताना पाठीतून पाणी काढणे जिवावर बेतू शकते, म्हणून हा फायदा लहान नाही.

एवढी चांगली तपासणी असताना मग अडले कोठे?

आपल्याकडचा रोग वेगळा आहे

अडले ते गाठींच्या संख्येवर. १९९१ मध्ये याच तपासणीचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांच्या मेंदूत दोन किंवा अधिक गाठी होत्या, त्यांच्यापैकी ९४ टक्क्यांत ती पॉझिटिव्ह आली. परंतु ज्यांच्या मेंदूत एकच गाठ होती, त्यांच्यापैकी केवळ २८ टक्क्यांत. म्हणजे एकच गाठ असलेल्या दर दहा रुग्णांत सातांचा रिपोर्ट, रोग असूनही, निगेटिव्ह!

मेक्सिको किंवा पेरू या देशांत मेंदूत अनेक गाठी असणारे रुग्ण बरेच आढळतात. भारतात मात्र सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एकाच गाठीचा आहे. एकच लहान गाठ, भोवती थोडी सूज, रुग्ण तरुण किंवा शाळकरी, आणि तक्रार फिटची. म्हणजे जी तपासणी मेक्सिकोच्या रुग्णाला उत्तम, तीच आपल्या बहुसंख्य रुग्णांना अपुरी. कारणही उघड आहे. एकटी अळी लहानशा जागेत, मेंदूच्या आडोशाला बसलेली असते. शरीराला तिची फारशी चाहूल लागत नाही आणि प्रतिपिंडे मोजण्याइतकी तयारच होत नाहीत. अळी मरून तिच्या जागी चुना साठला आणि कडक ठिपका उरला, तर रिपोर्ट निगेटिव्ह येण्याची शक्यता आणखी वाढते. याउलट मेंदूच्या तळाशी, पाण्याच्या जागेत गाठींचा घोस असेल तर रिपोर्ट बहुधा पॉझिटिव्हच येतो.

याचा व्यवहारातला अर्थ एका उदाहरणाने सांगतो. एका शेतकरी कुटुंबातील एकोणीस वर्षांच्या मुलीला दोनदा फिट आली. स्कॅनमध्ये एक लहान गाठ दिसली. तज्ज्ञांनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या. नात्यातल्या कोणाच्या तरी सल्ल्याने वडिलांनी शहरात रक्त तपासून घेतले. रिपोर्ट निगेटिव्ह. मुलीचे लग्न ठरत आले होते. वडिलांनी गोळ्या बंद केल्या आणि पाहुण्यांना सांगितले, ‘तसलं काही नाही, रक्त तपासलंय.’ तीन आठवड्यांनी भाकऱ्या करताना मुलीला फिट आली आणि हात चुलीत गेला. हात पोळला, जीव वाचला. वडील मला म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, रिपोर्टात तर जंत नव्हता.’ मी म्हणालो, ‘पाटील, रिपोर्टात नव्हता, पण स्कॅनमध्ये होता. आणि गोळ्या फिटसाठी होत्या, रिपोर्टासाठी नव्हत्या.’

फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्याने फिट परत येते, कधी एकापाठोपाठ एक येत राहते. त्यात माणूस दगावू शकतो. रक्ताचा रिपोर्ट काहीही येवो, या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नयेत.

जंताचा अंश शोधणारी तपासणी

प्रतिपिंडे शोधण्याऐवजी अळीच्या अंगातून झिरपणारे पदार्थ रक्तात शोधायचे, अशीही एक तपासणी आहे. तिला अँटिजेन तपासणी म्हणतात. राखणदाराला न विचारता चोराच्या पावलांचे ठसे पाहण्यासारखे हे आहे. अळी जिवंत असेल तरच हे पदार्थ रक्तात राहतात, त्यामुळे ही तपासणी पॉझिटिव्ह असेल तर शरीरात जिवंत अळी असण्याचा संभव मोठा. उपचारानंतर अळ्या मेल्या की आकडा खाली येतो. मेंदूच्या तळाशी पुष्कळ गाठी असलेल्या रुग्णावर दीर्घ काळ उपचार करताना तज्ज्ञांना याचा चांगला उपयोग होतो. पण एकच लहान गाठ किंवा चुना साठलेली गाठ असेल तर तीही मुकी राहते. शिवाय ही तपासणी गावोगावच्या प्रयोगशाळांत होत नाही.

इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्या की ‘मेंदूत जंत असेल’ असे काही जण समजतात. तसा संबंध जोडता येत नाही. दमा, खरूज, आतड्यातले साधे जंत, ॲलर्जी अशा अनेक कारणांनी त्या वाढतात आणि मेंदूत गाठ असूनही पुष्कळदा त्या वाढलेल्या नसतात.

पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ

आता दुसरी बाजू. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे मेंदूत जंत आहेच का? नाही. रोग असलेल्या भागात अनेक निरोगी माणसांच्या पोटात केव्हा ना केव्हा ही अंडी जातात. शरीर त्यांचा बंदोबस्त करते, अळी मेंदूपर्यंत पोहोचतही नाही, पण प्रतिपिंडे काही काळ रक्तात राहतात. अळी स्नायूत बसली असेल तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. अळी मरून गेल्यावरही प्रतिपिंडे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून ‘औषध घेतले, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच आहे, पुन्हा औषध द्या’ हा आग्रहही चुकीचा आहे. औषधाचा गुण प्रतिपिंडांच्या आकड्यावर मोजत नाहीत, तो स्कॅनवर पाहतात.

थोडे गणित करू. समजा, एखादी तपासणी शंभर रोग्यांपैकी नव्वद जणांना बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी नव्वद जणांना बरोबर सोडते. ऐकायला ती चांगली वाटते. आता नुसते डोके दुखते म्हणून आलेल्या १००० माणसांचे रक्त तपासले आणि त्यांत खरे रोगी १० आहेत असे धरू. दहापैकी ९ पकडले जातील. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांचाही रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यांत खरे रोगी फक्त ९. म्हणजे बारा जण घाबरले तर त्यांतला एकच खरा रोगी!

हीच तपासणी अशा १०० रुग्णांवर करा, ज्यांना फिट आली आहे आणि स्कॅनमध्ये संशयास्पद गाठी आहेत, आणि ज्यांतील निम्म्यांना हा रोग आहे. पॉझिटिव्ह येतील ५०, त्यांत खरे ४५. तपासणी तीच, पण आता तिच्या शब्दाला वजन आले. म्हणूनच डॉक्टर आधी रुग्ण तपासतात, मग स्कॅन पाहतात, आणि शंका उरली तरच रक्ताकडे वळतात. डोके दुखते म्हणून आधी रक्त तपासणे ही उलटी वाट झाली.

क्षयाची गाठ की जंताची?

आपल्या देशात ही शंका सर्वांत महत्त्वाची. क्षयरोगाचीही मेंदूत गाठ होते आणि स्कॅनवर ती पुष्कळदा जंताच्या गाठीसारखीच दिसते. एके काळी फिट आलेल्या रुग्णाच्या स्कॅनमधील अशी लहान गाठ बहुधा क्षयाची समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. चंडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांत जंताची अळी आढळली. हे काम १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि भारतातील हजारो रुग्णांच्या उपचाराची दिशा बदलली.

त्यांनी पुढे साध्या खुणाही ठरवून दिल्या. गाठ एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, सूज मेंदूला एका बाजूला ढकलण्याइतकी नाही, रुग्णाला हातापायाची वाढत जाणारी कमजोरी नाही, डोक्यातील दाब वाढल्याची लक्षणे नाहीत आणि अंगात दुसरा मोठा आजार नाही, तर ती गाठ जंताची असण्याची शक्यता फार मोठी. गाठ मोठी, वेडीवाकडी, सोबत ताप, वजन घटणे किंवा छातीत क्षय असेल तर क्षयाचा विचार करावा लागतो. स्कॅनमध्ये पाण्याच्या फुग्यात अळीच्या डोक्याचा बारीक ठिपका दिसला, तर जंताचे निदान पक्के होते. तेथे रक्ताने आणखी वेगळे काय सांगायचे?

सी. टी. स्कॅनमध्ये चुना साठलेले ठिपके चांगले दिसतात, तर एम. आर. आय.मध्ये लहान फुगे, त्यांतील ठिपका आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठी चांगल्या दिसतात. म्हणून कधी दोन्हीही करावे लागतात. सर्वांनाच दोन्ही लागतात असे नाही. पैसे मोजके असतील तर कोणती तपासणी आधी, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. त्यात संकोच नको.

मग रक्त तपासावे केव्हा?

स्कॅनवरून जंत, क्षय की आणखी काही, असा संभ्रम असेल, गाठी एकाहून अधिक असतील, किंवा मेंदूच्या पाण्याच्या जागेत फुगे असतील, तेव्हा रक्ताची तपासणी उपयोगी पडते. ती शक्यतो ई. आय. टी. बी. पद्धतीची असावी. अशा वेळी पॉझिटिव्ह रिपोर्ट निदानाला चांगला आधार देतो. अनेक गाठी असूनही चांगल्या पद्धतीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर डॉक्टर दुसऱ्या रोगाचा विचार पुन्हा करतात. पण गाठ एकच असेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवरून काहीही ठरवता येत नाही, हे पुन्हा सांगतो.

नुसत्या रिपोर्टवर औषध घेऊ नका

सर्वांत मोठा धोका येथे आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की काही जण दुकानातून अल्बेंडाझोलच्या गोळ्या आणून पंधरा दिवस खातात. ‘जंताचेच तर औषध, शाळेत पोरांनाही देतात.’ शाळेत मिळते ती आतड्यातल्या साध्या जंतांसाठी एकच गोळी. ती मुलांना जरूर द्यावी. मेंदूतल्या अळीसाठी दोन आठवडे द्यायचा डोस ही वेगळी गोष्ट आहे.

अळी जिवंत असते तोवर ती शरीराला चकवून शांत बसते. औषधाने ती मरू लागली की तिच्याभोवती सूज येते. मेंदूत गाठी पुष्कळ असतील तर ही सूज प्राण घेऊ शकते. म्हणून हे औषध सुरू करण्याआधी सूज रोखणारी स्टिरॉइड औषधे देतात. मेंदू आधीच सुजलेला असेल किंवा त्यात पाणी साठले असेल तर जंताचे औषध देत नाहीत, आधी दाब कमी करतात. डोळ्यांच्या आत अळी असेल तर औषधाने दृष्टी जाऊ शकते, म्हणून आधी डोळ्यांचा पडदा तपासून घेतात. आणि गाठीत चुना साठला असेल तर अळी मेलेलीच आहे, तिला मारायचे औषध देऊन उपयोग काय? तेथे फिटच्या गोळ्या पुरतात. यांतली एकही गोष्ट रक्ताच्या रिपोर्टवरून कळत नाही. ती स्कॅनवरून आणि रुग्णाला तपासूनच कळते.

दिलाशाची गोष्ट अशी, की एकच लहान गाठ असलेले बहुसंख्य रुग्ण चांगले बरे होतात. गाठ पुष्कळदा काही महिन्यांत विरून जाते. फिटच्या गोळ्या कधी कमी करायच्या हे पुन्हा स्कॅन पाहून डॉक्टर ठरवतात. हा रोग आनुवंशिक नाही. अशा रुग्णाच्या शिक्षणाला, लग्नाला किंवा संसाराला त्यामुळे अडथळा येण्याचे कारण नाही. त्याच्याजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने मेंदूतली गाठ दुसऱ्याला होत नाही.

घरातल्यांची तपासणी

मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ही अंडी आली कोठून? न्यूयॉर्कमधील एका कर्मठ ज्यू वस्तीत चौघांना फिट आल्या आणि त्यांना हाच रोग निघाला. ही मंडळी धर्मामुळे डुकराच्या मांसाला स्पर्शही करत नाहीत. शोध घेता त्यांच्या घरांत काम करणाऱ्या, रोग असलेल्या देशांतून आलेल्या बायकांकडे संशय गेला आणि त्यांच्यातील एकीच्या पोटात पट्टकृमी सापडला. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. रुग्णांच्या घरातील आणखी काही जणांच्या रक्तातही ई. आय. टी. बी. पॉझिटिव्ह आली. ही हकीगत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली.

यातून दोष कोणा एका माणसाला किंवा जातीला द्यायचा नाही. जंत बाळगणारी व्यक्ती घरातील आजी असू शकेल, रुग्ण स्वतः असू शकेल किंवा रोज नाश्ता मिळतो तेथील आचारी. म्हणून मेंदूत गाठ निघाली की रुग्णाची आणि घरातील सर्वांची शौच तपासणी करून घ्यावी. शौचातून पांढरे, चपटे, फितीसारखे तुकडे पडतात का, याकडे लक्ष ठेवावे. लाज न बाळगता ते बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवावेत. एका वेळच्या तपासणीत अंडी हुकू शकतात, म्हणून गरज पडल्यास ती पुन्हा करावी. आतड्यातला जंत औषधाने निघून जातो, आणि तो निघाला की पुढच्या माणसाला होणारा धोका संपतो.

हा रोग आपल्या मातीत जुना आहे. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी गेल्यावर काही वर्षांनी फिट येऊ लागल्या. अशा ४५० रुग्णांचा अहवाल तेथे १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ना स्कॅन होते, ना आजची रक्ततपासणी. कातडीखालच्या गाठी चाचपून आणि स्नायूंतील चुन्याचे ठिपके एक्स-रेवर पाहून निदान करत. आज साधने वाढली आहेत, पण अंड्यांची वाट तीच आहे. ती बंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. संडास, साबण आणि मोकाट डुकरांचा बंदोबस्त लागतो.

लक्षात ठेवा

१. मेंदूतील जंताचे निदान लक्षणे आणि स्कॅन यांवर होते. रक्ताची तपासणी ही जोड आहे.

२. गाठ एकच असेल तर निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नाही. त्यावर विसंबून औषधे बंद करू नका.

३. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे मेंदूत जंत आहेच असे नाही. फिट नाही, स्कॅनमध्ये काही नाही, तर केवळ रिपोर्टासाठी औषध घेऊ नका.

४. रक्त तपासायचेच असेल तर ते एलायझाने की ई. आय. टी. बी.ने, हे विचारा. दोन्हींचे मोल सारखे नाही.

५. उपचारानंतर प्रतिपिंडांचा आकडा पुन्हा पुन्हा मोजून पैसे घालवू नका.

६. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. डुकराचे मांस खाणाऱ्यांनी ते आतपर्यंत पूर्ण शिजवूनच खावे.

७. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्यात वेळ घालवू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्या.